उपनगरकरांनो, काँक्रीटचा हिशोब मागा!

पुनर्विकासाची सभा अंधेरीतली असो, बोरिवलीतली, मुलुंडची की घाटकोपरची, विषय ठरलेले असतात. कार्पेट एरिया किती वाढणार, कॉर्पस किती, भाड्याचे चेक आगाऊ मिळणार की महिन्याच्या महिन्याला, पार्किंग कुणाच्या वाट्याला, ओट्याला कुठला दगड. एकेका मुद्द्यावर रात्रीचे अकरा वाजतात, आवाज चढतात, जुनी भांडणं वर येतात. पण ज्या काँक्रीटवर आमचे वीस-बावीस मजले उभे राहणार ते कसलं असेल, असं उठून विचारणारा सभासद क्वचितच भेटतो. चुकून कुणी विचारलंच, तर प्रश्न येतो तोही उलटा. "काँक्रीटमध्ये राख तर मिसळणार नाही ना?" विकासकाचा माणूस छातीला हात लावून सांगतो, "छे, छे! शुद्ध सिमेंट!" आणि सगळ्या सभेला हायसं वाटतं.

मला त्या हायसं वाटण्याचीच धास्ती वाटते. खाऱ्या हवेत पन्नास-साठ वर्षं उभ्या राहायच्या इमारतीला नीट निवडलेली, नीट मिसळलेली फ्लाय अ‍ॅश हा मोठा आधार आहे. तो आधार आपण गैरसमजापोटी नाकारतो, आणि जिथं खरी चोरी होते तिथं डोळे मिटून बसतो. बंधुभगिनींनो, आयुष्यभराची पुंजी ज्या ढाच्यात ओतली जाणार आहे, त्याचा हिशोब मागायला आता उठायलाच हवं.

आपण राहतो कुठं, ते एकदा नकाशावर बघा. पश्चिमेला वर्सोवा, मढ, मार्वे, मनोरी, गोराई. तिथं समुद्र आहे आणि त्याच्या आत शिरलेल्या खाड्या आहेत. पूर्वेला मुलुंड, भांडुप, कांजूर, विक्रोळी, घाटकोपरच्या कडेनं ठाण्याची खाडी, तिवरं आणि मिठागरं. ज्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकलं, तिच्या शेजारी आपण पाया खणतो. अंधेरी पश्चिमेचा मोठा भाग तर खाजणात भराव घालून उभा राहिला. दोन खाऱ्या पाण्यांच्या मधल्या या पट्टीवर चार महिने धो धो पाऊस, मग कोरडं ऊन, मग पुन्हा दमट वारा. काँक्रीट भिजतं, सुकतं, पुन्हा भिजतं, आणि प्रत्येक फेरीत थोडं मीठ आत नेतं.

आपल्या देशाच्या काँक्रीट संहितेनं, म्हणजे आयएस ४५६ नं, हे ओळखून ठेवलेलं आहे. किनारी हवेला उघडं असलेलं काँक्रीट तिनं 'तीव्र' माऱ्याच्या वर्गात टाकलंय, आणि घातक क्षार असलेल्या भूजलात गाडलेला पाया 'अति तीव्र' वर्गात. पहिल्यासाठी किमान एम-३० दर्जा, पाणी आणि सिमेंटचं प्रमाण जास्तीत जास्त ०.४५, आणि सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण, म्हणजे कव्हर. दुसऱ्यासाठी एम-३५ आणि ५० मिलिमीटर. हे आकडे २००० सालच्या संहितेत छापलेले आहेत. आपल्या नव्या इमारतीचं काँक्रीट यांपैकी कुठल्या वर्गात धरलंय, हे सोसायटीच्या किती सचिवांना ठाऊक असेल?

मीठ काय करतं ते पाहायला दूर जायला नको. आपल्याच जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, पाण्याच्या टाकीलगतच्या कॉलमजवळ उभे राहा. आधी रंगाखाली केसाएवढी उभी चीर दिसते, नेमकी सळईच्या रेषेत. मग तिच्यातून तांबूस ओघळ उतरतो. बोटाच्या पेरानं ठोकलं की पोकळ आवाज येतो. एखाद-दोन पावसाळ्यांनंतर प्लास्टरसकट काँक्रीटची खपली गळून पडते आणि आतली सळई उघडी पडते. तिला पापुद्रे सुटलेले असतात, अंगठ्यानं चोळली तर तपकिरी भुगा हाताला लागतो. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असतं, त्यामुळे सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. मिठातलं क्लोराइड तिथवर पोहोचलं की तो पापुद्रा फाटतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त, कधी सहापटीपर्यंत जागा मागतो आणि आतून काँक्रीट फोडतो. मग गवंडी येतो, ब्रश मारतो, पॉलिमर मॉर्टर भरतो, वर रंग. पुढच्या पावसाळ्यांत त्या ठिगळाच्या शेजारीच नवी चीर उमटते. कारण भोवतालचं काँक्रीट मिठानं भिजलेलंच असतं, आणि नव्या ठिगळाच्या कडेला गंज उलट जोरानं धरतो. दरवर्षी वर्गणी काढून आपण हेच करत आलोय.

आणि हे फक्त जुन्या चार मजली इमारतींचं दुखणं नाही. मुंबईला वाशीशी जोडणारा ठाणे खाडीवरचा काँक्रीटचा पूल १९७३ मध्ये वाहतुकीला खुला झाला. त्याच्या पोटातल्या ताण दिलेल्या पोलादी तारांना गंजानं ग्रासलं आणि नव्वदच्या दशकात शेजारी दुसरा पूल उभारला गेला. पणजीत मांडवीवरचा पूल तर जुलै १९८६ मध्ये कोसळला. त्याचं वय विशीच्या आतलं, आणि तिथंही दोष गंजाकडे गेला. त्या काळचे निष्णात अभियंते या कामांवर होते. खारं पाणी कुणाची भीडभाड ठेवत नाही.

आता राखेकडे येऊ. सिमेंटमध्ये पाणी पडलं की त्यातून दोन गोष्टी तयार होतात. एक चिकट जेल, जी खडी-वाळूला घट्ट धरून ठेवते. ताकद तिची. दुसरा मोकळा चुना. तो पाण्यात हळूहळू विरघळतो, पाण्याबरोबर बाहेर पडतो आणि मागं बारीक वाटा सोडून जातो. गळक्या स्लॅबच्या खालच्या बाजूला पांढरे ओघळ दिसतात ना, तो हाच चुना. त्याच वाटांनी खारं पाणी आत येतं. वीजकेंद्रात दगडी कोळसा जळतो तेव्हा धुरासोबत उडणारी बारीक राख यंत्रानं पकडली जाते, ती फ्लाय अ‍ॅश. तिचे कण बहुतेक गोल, काचमय, सिलिका आणि अ‍ॅल्युमिनानं भरलेले. एकटी राख पाण्यात घट्ट होत नाही. पण सिमेंटमधून सुटलेला तो मोकळा चुना तिला मिळाला आणि ओल टिकली, की ती त्याच्याशी संयोग पावते आणि त्याच जातीची चिकट जेल आणखी तयार करते. ज्या वाटेनं मीठ येणार होतं, ती वाटच बुजत जाते. राखेतलं अ‍ॅल्युमिना काही क्लोराइड वाटेतच बांधून ठेवतं. खाजणातल्या मातीतले सल्फेट ज्या चुन्यावर हल्ला करतात तो चुनाच उरतो कमी. टोलेजंग इमारतीच्या पायातला जाड राफ्ट ओतताना आत जी उष्णता साठते आणि चिरा पाडते, तीही उतरते. कण गोल असल्यानं काँक्रीट कमी पाण्यात वाहतं, आणि काँक्रीटमध्ये पाणी जितकं कमी तितके छिद्रमार्ग कमी.

यात नवलाईचं काही नाही. आपले गवंडी चुन्यात विटेची पूड, म्हणजे सुरखी, घालत होते. रोमन लोक चुन्यात ज्वालामुखीची राख घालून समुद्रात धक्के बांधत होते. मागचं शास्त्र हेच. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात डेव्हिस यांनी १९३७ मध्ये फ्लाय अ‍ॅशच्या काँक्रीटवर पायाभूत संशोधन प्रसिद्ध केलं. १९४८ ते १९५३ दरम्यान बांधलेल्या अमेरिकेतल्याच हंग्री हॉर्स धरणात ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. भारतात रिहंद धरणाच्या कामात तिचा वापर झाला. पुढं कॅनडात मोहन मल्होत्रा यांनी अर्ध्याहून अधिक सिमेंटच्या जागी राख घालून टिकाऊ काँक्रीट करून दाखवलं. आणि दुकानात मिळणारं पीपीसीचं, म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंटचं, पोतं? मानकाप्रमाणे त्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश असते. 'शुद्ध सिमेंट' म्हणून आपण टाळ्या वाजवतो, आणि गावाकडचं घर मात्र बिनधास्त याच पोत्यांनी बांधतो.

मग काळजी कसली करायची? तीही तितक्याच स्पष्टपणे सांगतो, कारण राखेचं नाव पुढं करून फसवणारेही आहेत. राख म्हणून काहीही चालत नाही. राखेच्या मानकानुसार, म्हणजे आयएस ३८१२ नुसार, ती पुन्हा जाळल्यावर न जळलेल्या कोळशामुळे होणारी घट ५ टक्क्यांच्या आत हवी, बारीकपणा ठरलेला हवा, आणि प्रत्येक खेपेचा दाखला हवा. राखतलावातून उपसलेली जाड, ओली राख ढाच्याच्या काँक्रीटला चालत नाही. मिक्स डिझाइन, म्हणजे घटकांच्या प्रमाणाचा हिशोब, न करता, चाचणी न घेता, सिमेंटची पोती गुपचूप कमी करून त्या जागी राख ओतली तर ती सरळ चोरी आहे. शिवाय राख सिमेंटहून स्वस्त पडते. तिच्यामुळे वाचलेला पैसा कुणाच्या खिशात जाणार, की क्युअरिंग आणि चाचण्यांवर खर्च होणार, हे सभेत विचारायला लाजू नका.

राखेच्या काँक्रीटला घाई सोसत नाही. चुन्याशी तिचा संयोग आठवड्यांनी, महिन्यांनी पुरा होतो. २८ दिवसांच्या क्यूब चाचणीत, म्हणजे काँक्रीटचा ठोकळा दाबून ताकद मोजतात तेव्हा, ते थोडं मागं वाटू शकतं. ५६ आणि ९० दिवसांनी बहुधा पुढं निघून जातं. पण त्यासाठी पाणी लागतं. मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान दहा दिवस सतत ओल, आणि ती चौदा दिवसांपर्यंत वाढवावी, असं आयएस ४५६ सांगते. आपल्याकडे काय दिसतं? मे महिन्याचं ऊन, अकरावा मजला, एक मुलगा सकाळ-संध्याकाळ पाईप घेऊन कॉलमवर पाणी उडवून जातो. अर्ध्या तासात कॉलम कोरडाठाक. याला पाणी मारणं म्हणतात, क्युअरिंग म्हणत नाहीत. स्लॅबवर आळी करून पाणी साठवायला हवं, कॉलमला गोणपाट गुंडाळून ते दिवसरात्र ओलं ठेवायला हवं. तसं केलं नाही तर नेमकी बाहेरची कातडी, सळईवरचे ते ४५ मिलिमीटर, अर्धवट राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड अशा कातडीतून झपाट्यानं आत शिरतो आणि काँक्रीटची अल्कता मारतो. म्हणजे पाणी न पाजलेलं राखेचं काँक्रीट साध्या काँक्रीटपेक्षाही वाईट ठरू शकतं. ज्यांना दहा दिवसांत एक स्लॅब टाकल्याची फुशारकी मारायची असते, त्यांना हे ऐकवत नाही. सेंट्रिंग काढण्याच्या ज्या मुदती संहितेत दिल्यात, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्यावरच्या गाळ्याचे चौदा, त्या साध्या, राख नसलेल्या सिमेंटसाठी, म्हणजे ओपीसीसाठी, आहेत. राखेच्या काँक्रीटला ताकद तपासूनच हात लावायचा.

आणि ती नळी! तयार काँक्रीटचा, म्हणजे आरएमसीचा, ट्रान्झिट मिक्सर पश्चिम द्रुतगती मार्गावर किंवा एलबीएस मार्गावर कोंडीत अडकतो. साइटवर येईस्तोवर माल आवळलेला असतो. पंपावरचा माणूस ओरडतो, माल उतरत नाही. मग कुणीतरी शिडीवर चढतो आणि ड्रममध्ये पाण्याची नळी सोडतो. ड्रम गरगरतो, माल सैल होतो, सगळे खूश. त्या मिनिटभरात ०.४५ चं प्रमाण कुठल्या कुठं गेलेलं असतं. प्रयोगशाळेत जे काही जुळवलं होतं ते त्या नळीनं वाहून गेलं. आवळलेल्या मालाला अभियंत्याच्या देखरेखीखाली माल सैल करणाऱ्या रसायनाची, म्हणजे अ‍ॅडमिक्श्चरची मात्रा देता येते. तेही जमत नसेल तर गाडी परत पाठवायची. ते पाणी जर बोअरवेलचं असेल, तर आपण स्वतःच्या हातानं मीठ कालवतोय. आरसीसीसाठीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, आणि खाडीलगतच्या कित्येक बोअरचं पाणी जिभेला लावलं तरी खारट लागतं.

यावर तुम्ही म्हणाल, हे सगळं बघायला रेरा आहे की! रेरा कायद्याच्या कलम १४(३) नं ढाच्यातल्या दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षं विकासकावर टाकली आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण मीठ या मुदतीत घाईनं येत नाही. ते वर्षानुवर्षं वाट काढत सळईपर्यंत पोहोचतं, आणि पहिली चीर दिसते तेव्हा पाच वर्षं केव्हाच सरलेली असतात, कंपनीचं नाव बदललेलं असतं, साइटवरचा अभियंता परदेशात असतो. तीस वर्षांवरच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नं बंधनकारक केलंय, पण तो तर उशिराचा डॉक्टर. आपल्या हातात जो काळ आहे तो करारावर सही होण्याआधीचा, आणि काँक्रीट ओतलं जात असतानाचा. तोच दवडला तर उरते वर्गणी आणि ठिगळं.

म्हणून विकास करारातच लिहून घ्या. कुठला भाग कुठल्या माऱ्याच्या वर्गात धरलाय, कॉलम-बीम-पायाचा दर्जा काय, घनमीटरला सिमेंट किती, राख किंवा लोखंडाच्या भट्टीतला स्लॅग किती, पाण्याचं प्रमाण किती. २८ दिवसांसोबत ५६ दिवसांचेही क्यूब. आणि क्लोराइड आत शिरण्याची जलद चाचणी, जिला अभियंते आरसीपीटी म्हणतात. तिच्यात काँक्रीटच्या चकतीतून ६० व्होल्टच्या दाबाखाली सहा तासांत किती विद्युतभार वाहिला ते मोजतात. ४००० कूलोमच्या वर गेला तर ते काँक्रीट मिठाला दार उघडं ठेवणारं. हजार-दोन हजारांच्या मध्ये आला तर चांगलं, हजाराखाली तर उत्तमच. ही चाचणी राखेच्या काँक्रीटवर ५६ किंवा ९० दिवसांनी घ्यायला सांगा, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. या आकड्यांना घाबरायचं कारण नाही. रक्ततपासणीचा अहवाल वाचायला आपण शिकलोच ना?

काम सुरू झालं की साइटवर जा. फाटकावरचा माणूस अडवेल. करारात हक्क लिहून घेतला असेल तर अडवू शकणार नाही. प्रत्येक मिक्सरसोबत बॅचचा कागद येतो, त्यावर सिमेंट, राख, पाणी, अ‍ॅडमिक्श्चर किलोंमध्ये छापलेलं असतं. त्याचा फोटो काढून ठेवा. सळईखाली काँक्रीटचे कव्हर ब्लॉक आहेत की खडीचे आणि फरशीचे तुकडे सरकवलेत, ते स्लॅब टाकण्याच्या आदल्या संध्याकाळी बघा. एकदा काँक्रीट पडलं की ते कुणालाच दिसणार नाही. गोणपाटाला दुपारी दोन वाजता हात लावून बघा.

या कामाला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. सोसायटीतल्या ज्या आजी रोज सकाळी गच्चीवर जातात, ज्या ताई पाण्याच्या टँकरचा हिशोब पै-पैसह ठेवतात, त्या हे कुठल्याही सल्लागारापेक्षा चोख करतील. पदवी असलेल्यांनो, तुमच्यावर तर आमचा जास्त हक्क आहे. पवईला आयआयटी आहे, अंधेरीला सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, माटुंग्याला व्हीजेटीआय. तिथून शिकून गेलेले कितीतरी जण याच उपनगरांत राहतात. महिन्यातली एक रविवारची सकाळ शेजारच्या सोसायटीला द्या. मिक्स डिझाइनचा कागद वाचून दाखवा, आरसीपीटीचा आकडा समजावून सांगा. आणि साइटवरच्या तरुण अभियंत्यांनो, ड्रममध्ये नळी सोडताना कुणी दिसला की तोंड उघडा. तुमच्या मागं सोसायटी उभी राहील, अशी सोसायटी आपण घडवूया.

२५ जुलै २०१७ ला घाटकोपरची साईदर्शन इमारत पडली, १७ माणसं गेली. तिथं प्रश्न राखेचा नव्हता. तळमजल्यावर चाललेल्या फेरफाराचा मुद्दा पुढं आला. पण कॉलम हा कुणा एका मालकाचा नसतो, त्याच्यावर वरच्या सगळ्यांचं आयुष्य टेकलेलं असतं, हे त्या ढिगाऱ्यानं आपल्याला दाखवलं. ढिगारा उपसून झाल्यावर आपण मेणबत्त्या लावल्या. आता कॉलम उभा राहतानाच तिथं जाऊन उभं राहायचं.

आणि राखेच्या बाबतीत एक कर्जही आपल्यावर आहे. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, परळी, भुसावळ, एकलहरे इथल्या वीजकेंद्रांभोवतीची माणसं राज्याच्या विजेसाठी राख सोसतात. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राच्या खसाळा राखतलावाचा बांध फुटला आणि राखेचा गाळ शेतांत, ओढ्यांत पसरला. केंद्र सरकारनं १९९९ पासून राखेचा वापर सक्तीचा करायला सुरुवात केली, महाराष्ट्रानं २०१६ मध्ये स्वतःचं धोरण केलं. तरीही राखेचं नाव काढलं की मुंबईतली सभा नाक मुरडते. वीजकेंद्रातच कोरडी पकडून, पारखून इथं आणलेली प्रत्येक टन राख म्हणजे तिकडच्या तलावात न पडलेली राख, आणि सिमेंटच्या भट्टीत तेवढा कमी जळलेला कोळसा. तिकडच्या शेतकऱ्याची आणि इकडच्या फ्लॅटधारकाची गरज इथं एकच आहे.

पुढच्या सर्वसाधारण सभेची नोटीस निघण्याआधी सचिवांच्या हातात हा ठराव लेखी द्या: "नव्या इमारतीच्या काँक्रीटचं मिक्स डिझाइन, फ्लाय अ‍ॅशचा दाखला, क्युअरिंगचे दिवस, कव्हरची जाडी, ५६ दिवसांचे क्यूब आणि आरसीपीटीची अट सभासदांपुढं लेखी ठेवून मंजूर झाल्याशिवाय सोसायटीनं विकास करारावर सही करू नये." सूचक म्हणून स्वतःचं नाव घाला, आणि अनुमोदक मिळवायला आज रात्रीच शेजारचं दार वाजवा.